खालची पानं कपाशीची, वरची भेंडीची

बसा हो. मागच्यांनीही बसून घ्या, खुर्च्या भरपूर आहेत. आज आपल्या बीबी गावचा बाजार, तरी तुम्ही सगळे आलात. लोणारहून आलात, साखरखेर्ड्याहून आलात. काही जण तर एसटी चुकली म्हणून एका मोटरसायकलवर तिघं बसून आलात. काकू, तुम्हाला सांगूनच मी बोलायला उठले आहे. तुम्ही नको म्हणाला असतात तर उठले नसते.

बोलणं जड जातंय, खोटं कशाला सांगू. गेल्या आठवड्यात सर गेले. दुपारी जेवले, ओसरीवर आडवे झाले, काकूंनी चहाला हाक मारली तर उठलेच नाहीत. त्या दिवसापासून मी हे भाषण मनातल्या मनात करते आहे. गाडी चालवताना करते, भांडी घासताना करते. आणि आता तुमच्यापुढं उभी राहिले तर पहिलं वाक्यच आठवेना. कोणीतरी पाणी द्या.

हं. आता ठीक आहे.

मी शुभांगी. माहेर साखरखेर्डा. वायाळ सरांची विद्यार्थिनी. सरांच्या हाताखाली मी बीएस्सी अ‍ॅग्री केलं आणि आज याच तालुक्यात कृषी सहायक आहे. तुमच्यातले बरेच जण मला शेतात भेटलेले आहेत, माझ्याशी भांडलेलेही आहेत. आज भांडण तुमच्याशी नाही.

आधीच सांगते, मी इथं रडायला आलेले नाही. रडून झालं. माझ्या आधी बोलायला उठले ते नरेंद्रभाऊ, आपल्या कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष. छान बोलले. सर थोर होते म्हणाले. सर दीपस्तंभ होते म्हणाले. दीपस्तंभ! आपल्याकडं समुद्र कुठं आहे, भाऊ? मग त्यांनी जाहीर केलं, की सरांच्या नावानं दर वर्षी आदर्श विद्यार्थी पुरस्कार देणार आणि कॉलेजच्या नव्या कमानीवर सरांचं नाव कोरणार. तुम्ही टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. काकूंनी वाजवल्या नाहीत. नरेंद्रभाऊंनी ते पाहिलं आहे.

सरांच्या अंगणातला हा मंडप त्यांचा आहे. खुर्च्या त्यांच्या. माईकही त्यांचाच. बरं झालं. नीट ऐकू जाईल.

आधी सर कसे होते ते सांगते, कारण इथं बरेच जण असे आहेत की ज्यांना सरांची फक्त ती एक गोष्ट माहीत आहे. तीच, जी तुम्ही बाजारात एकमेकांना सांगता. तिच्यावर येतेच मी.

कॉलेजचा पहिला दिवस. आम्ही सगळे नवे कपडे घालून वर्गात बसलेलो. बारावीला मार्क कमी पडले म्हणून आलेले निम्मे, अधिकारी व्हायचं म्हणून आलेले निम्मे. शेती शिकायची म्हणून आलेला कोणी असेल तर मला तरी भेटला नाही. मीही नव्हते. सर आत आले, हजेरी घेतली नाही. म्हणाले, "चपला-बूट इथंच काढा अन् चाला माह्या मांगं." भर उन्हात आम्हाला कॉलेजच्या शेतात नेलं. ढेकळं पायाला टोचत होती. मुली एकमेकींना धरून चालत होत्या. सर वाकले, एक रोप उपटलं आणि एका पोराच्या नाकापुढं धरलं. "हे काय हाय?" पोरगं म्हणालं, "गवत, सर." सर म्हणाले, "तुह्या बापाले गावात कोनी 'मानूस' म्हनून हाक मारते काय? नाव हाय ना त्याले? मंग याले बी नाव हाय." संध्याकाळपर्यंत आम्ही नावं शिकलो. कुंजरू, दुधी, केना, घोळ, गाजरगवत. आजही शेतात गेले की आधी मी तणांना नावानं ओळखते, मग शेतकऱ्याला.

सर असे होते. प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर चिडत नसत. उत्तर येत नसताना येतं असं दाखवलं की मात्र चिडत. परीक्षेत कोणी पानंच्या पानं भरली की लाल पेनानं लिहीत, 'माहीत नाही असं लिहिलं असतं तर एक गुण दिला असता.' आणि खरंच देत असत. माझ्या एका मैत्रिणीनं कीटकशास्त्राच्या पेपरात सरळ लिहिलं, 'सर, ही अळी मी पाहिलेली नाही.' सरांनी एक गुण दिला आणि दुसऱ्या दिवशी तिला शेतात नेऊन ती अळी दाखवली.

आता पंपाची गोष्ट. शेतकरी मंडळींना ही गोष्ट सांगायची गरज नाही, पण इथं दुकानदार आहेत, मास्तर आहेत, बँकेतले आहेत, म्हणून सांगते. फवारणीचे पंप आमच्या शेडमध्ये खुंटीला टांगलेले असत. त्यातला एक वेगळ्या खुंटीला, एकटा. त्याच्यावर सरांनी स्वतः लाल रंगाचा पट्टा मारलेला. तो पंप तणनाशकाचा. त्यानं फक्त धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत मारायचं. त्यात टू फोर डी असायचं. हे औषध कपाशीला म्हणजे साक्षात विष. थेंबभर जरी कपाशीवर गेलं तरी झाड वेडंवाकडं होतं. नवीन पान येतं ते लांबट, चिरलेलं, शिरा सुटलेल्या. हुबेहूब भेंडीचं पान. नुसत्या पाण्यानं धुऊन ते औषध पंपातून जात नाही. म्हणून लाल पट्टा. सर म्हणायचे, "या पंपाले हात लावाचा तं धुऱ्यासाठी. कपाशीत हा पंप दिसला तं मी घरी जाईन." खरंच घरी गेले. पण ते नंतर.

शेवटच्या वर्षाला आम्हाला गटागटानं प्लॉट मिळत. पेरणीपासून वेचणीपर्यंत सगळं आपण करायचं, त्याचेच मार्क. आमच्या गटात मी होते आणि नरेंद्र होता. तेव्हा तो नरेंद्रभाऊ नव्हता. तेव्हाचे अध्यक्ष त्याचे काका, म्हणून सगळे त्याला जपून असत, पण वर्गात तो नरेंद्रच होता. वाईट नव्हता, हेही सांगते. डबा वाटून खायचा. गटातल्या एका पोराला ताप आला तेव्हा पाठीवर घेऊन दवाखान्यात गेला होता. मी चांगलंही लक्षात ठेवते. बदला घ्यायचा असेल तर हिशोब पूर्ण ठेवावा लागतो.

त्या दिवशी फवारणीची पाळी आमच्या गटाची. मावा पडला होता, त्याचं औषध मारायचं होतं, सगळ्याच प्लॉटांवर. नरेंद्रला लवकर जायचं होतं, कोणाच्या तरी साखरपुड्याला. नवा शर्ट घालून आलेला, पांढरा. चांगला पंप पाठीवर घेतला तर तो वरून गळायला लागला आणि शर्ट भिजला. त्यानं तो पंप खाली ठेवला, शेडमध्ये गेला आणि लाल पट्ट्याचा पंप घेऊन आला.

मी समोर होते. मी म्हटलं, "नरेंद्र, तो पट्ट्याचा आहे. ठेव." तो म्हणाला, "धुतला ना वं पान्यानं. कायले डोकं खाऊन राह्यली?" मी पंप धरला, त्यानं हिसका दिला. मी सरांना बोलवायला पळाले. सर शेताच्या पार दुसऱ्या टोकाला, विहिरीजवळ होते. आम्ही दोघं धावत आलो तोवर त्यानं चार प्लॉट मारले होते. आमचा एक आणि शेजारचे तीन.

सरांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी पंप सोडवून घेतला, झाकण काढून वास घेतला आणि बादली आणायला सांगितलं. दुपारभर आम्ही झाडं स्वच्छ पाण्यानं धूत होतो. सर वाकून वाकून पानं धूत होते. नरेंद्रही धूत होता, शर्ट चिखलात. साखरपुडा राहिला. मग सर बांधावर बसले आणि त्याला म्हणाले, माझ्यासमोर म्हणाले, "चूक झाली ना? होते. पन उद्या वर्गापुढं उभा राह्य अन् सांग, काय केलं अन् कसं झालं. अशी चूक पुस्तकात भेटत नाही. तुह्या एका चुकीनं सारा वर्ग शहाना होईन." नरेंद्र म्हणाला, "सांगतो, सर." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी होतं. मी पाहिलं आहे.

एवढंच मागितलं होतं हो सरांनी. दंड नाही, मार्क कापणं नाही, बापाला बोलावणं नाही. वर्गापुढं चार वाक्यं.

दुसऱ्या दिवशी नरेंद्र आला नाही. तिसऱ्या दिवशी आला नाही. आठवड्यात कपाशीचे शेंडे फिरले आणि त्याच सुमारास कॉलेजची शिवार फेरी आली. तुमच्यातले कितीतरी जण त्या फेरीला होते. आठवा. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून शेतकरी आले होते, चिवडा होता, फेटे होते. अध्यक्ष पुढं, सर मागं, आणि अध्यक्षांच्या शेजारी नरेंद्र. आमच्या प्लॉटापाशी आल्यावर एका म्हाताऱ्यानं विचारलं, "हे काय झालं हो कपाशीले?" अध्यक्षांनी त्या कपाशीकडं पाहिलं, सरांकडं पाहिलं, आणि एवढ्या माणसांपुढं म्हणाले, "बियानं बोगस निंगालं. आमच्या मास्तरनं कोनाच्या नादी लागून आनलं, देव जाने."

बोगस. कापूस पिकवणाऱ्या मुलखात या शब्दाचा अर्थ मी तुम्हाला सांगायला नको.

सर नरेंद्रकडं बघत राहिले. रागानं नाही. विद्यार्थ्याला उत्तर आठवायला वेळ द्यायचा असला की ते जसे बघायचे ना, तसे. आणि नरेंद्र चिवड्याच्या पुडीकडं बघत होता.

मग मी पुढं गेले. मी म्हटलं, "साहेब, खालची पानं बघा. खालची पानं कपाशीची आहेत, वरची भेंडीची. बियाणं बोगस असतं तर पहिलं पानच वेडं निघालं असतं. हे नंतर झालं आहे. हे पंपानं झालं आहे." दोन ओळींचं शास्त्र. पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं. अध्यक्ष म्हणाले, "आता एका पोट्टीनं मले शेती शिकवाची काय?" आणि तुम्ही हसलात. हो, तुम्ही. इथं बसलेले कितीतरी. फेटे बांधून हसलात. माझ्या वर्गातली पोरं मान खाली घालून उभी होती. त्यातले काही आज इथं आहेत, खिशात पेन लावून. मी नावं घेत नाही. नाव घेतलं की माणूस मोठा होतो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. सरांना सांगितलं, राजीनामा द्या नाहीतर चौकशी लावतो. सर म्हणाले, चौकशी लावा. चौकशी लागली नाही, पगार थांबला. सर घरी आले. मला प्रॅक्टिकलला नापास केलं, माझं वर्ष गेलं. माझे वडील शाळामास्तर. ते म्हणाले, "तुला कोणी बोलायला सांगितलं होतं?" आई म्हणाली, "बोलली ते बरं केलं, नाहीतर तुमच्यासारखी झाली असती." माझं जाऊ द्या. मी वर्ष भरून काढलं. सरांचं कोणी भरून दिलं?

सर इथं बीबीत परत आले आणि वडिलांची जमीन करू लागले. पीक चांगलं यायचं. पण तुम्ही त्यांना काय नाव ठेवलंत? 'बोगस मास्तर.' बाजारात कोणी हाक मारायचं, "काय सर, बियानं हाय काय? बोगस नाही ना?" आणि सगळे हसायचे. सरही हसायचे. तुम्हाला वाटलं त्यांना लागत नाही. मी एकदा त्यांच्यासोबत होते. रस्त्यालगत एकाची तूर अळीनं खाल्ली होती, सर थांबले आणि त्याला सांगू लागले की काय मारायचं, कधी मारायचं. तो माणूस काय म्हणाला? "राहू द्या सर, तुमचं मले माहीत हाय." सर "बरं" म्हणाले आणि पुढं निघाले. अख्खं आयुष्य शिकवायला दिलेला माणूस. त्याच्याकडून कोणी शिकायला तयार नाही. याहून मोठी शिक्षा तुम्हाला सुचते का? मला नाही सुचत. आणि मी खूप विचार केला आहे.

कारण मी बदल्याचा विचार करत होते, मंडळी. लपवत नाही. नोकरी लागल्यावर मी अर्ज करकरून याच भागात बदली मागून घेतली. लोक म्हणाले, माहेराजवळ आली. मी नरेंद्रजवळ आले होते.

आणि एकदा देवानं संधीही दिली. अलीकडचीच गोष्ट. नरेंद्रभाऊंचा मला फोन आला. तोवर त्यांचे काका वारले होते, हे अध्यक्ष झाले होते. म्हणाले, "शुभांगीताई, जरा शेतात येता काय?" मी गेले. भाऊंची कपाशी. नजर पोचेल तिथपर्यंत शेंडे फिरलेले, भेंडीची पानं. शेजाऱ्यानं वाऱ्याच्या दिवशी धुऱ्यावर तणनाशक मारलं होतं, ते उडून आलं. मला लांबूनच कळलं. त्यांनाही कळलं होतं. बीएस्सी अ‍ॅग्री आहेत ते, माझ्याच वर्गातले. तरी त्यांनी मला विचारलं, "काय झालं असेन हो हे?"

मी एक पान तोडलं. उलटंसुलटं करून पाहिलं. आणि म्हटलं, "बियाणं बोगस असेल, भाऊ."

बाप्पा, काय चेहरा झाला होता! मी तो चेहरा घरी घेऊन आले. जेवण गोड लागलं. लगेच बीबीला आले आणि सरांना सगळं सांगितलं, अगदी नक्कल करून. मला वाटलं सर हसतील. सर म्हणाले, "अन् उपाय सांगतला काय?" मी म्हटलं, नाही. सर चिडले. एवढे चिडलेले मी त्यांना कधीच पाहिले नव्हते. "झाडानं काय केलं तुहं? जाय. आत्ता जाय. म्हन, शेंडे खुडा, युरियाचा फवारा द्या, पानी द्या. अर्धं पीक अजून वाचते." मी म्हटलं, "सर, त्याच्यासाठी?" तर म्हणाले, "कपाशीसाठी."

मी गेले. दात-ओठ खात गेले. भाऊंना उपाय सांगितला आणि कोणी सांगायला पाठवलं तेही सांगितलं. भाऊ, पीक वाचलं ना? वाचलं. मी वेचणीच्या वेळी रस्त्यावरून पाहत होते. त्या पिकानंतरही तुम्ही सरांच्या दारात आला नाहीत. आलात ते आज, हार घेऊन.

लोक मला म्हणतात, सरांनी माफ केलं होतं, तूही कर. कोण म्हणतं सरांनी माफ केलं? सरांनी कपाशी वाचवली. माफ केलं की नाही ते मला बोलले नाहीत. आणि केलंही असेल. सरांनी शिकवलेल्या सगळ्या विषयांत मी पास झाले, हा विषय मला जमला नाही. मला बदला हवा आहे. आजही हवा आहे. सर गेले म्हणून कमी झालेला नाही, वाढला आहे, कारण आता घाई आहे. सरांना ओळखणारी माणसं जातील, हसणारी माणसंही जातील आणि उरेल काय? कमानीवर एक नाव आणि बाजारात एक शिवी. दोन्ही खोटी.

चौथ्या दिवशी मी काकूंकडं बसले होते. नरेंद्रभाऊंचा माणूस आला, पुरस्काराची संमती घ्यायला. काकू त्याला काय म्हणाल्या, ते त्यानं पोचवलेलं दिसत नाही. मी पोचवते. काकू म्हणाल्या, "मले पुरस्कार नको, अन् कमानीवर नाव बी नको. त्यानं एकदा तोंडानं म्हनावं. चार मानसांत म्हनावं. बस." काकू, बरोबर सांगितलं ना मी?

हो म्हणाल्या. मागच्यांना दिसलं नसेल म्हणून सांगते, काकूंनी मान हलवली.

तर भाऊ, तुमचा पुरस्कार परत. आदर्श विद्यार्थी तुम्ही कोणत्या तोंडानं निवडणार? कमान परत. मंडपाचं भाडं आम्ही माजी विद्यार्थी देऊ. आम्हाला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे आणि तिला पैसा लागत नाही. पंप मी घेतला होता. पट्ट्याचा घेतला होता. शुभांगीनं अडवलं होतं, तरी घेतला होता. बियाणं चांगलं होतं. सर चांगले होते. बघा, मी वाक्यंही तयार करून दिली. सरांनी तेव्हा एवढी सोय केली नव्हती.

तुम्ही म्हणाल, ही जागा नाही. ही शोकसभा आहे. मग कोणती जागा? शिवार फेरीत जागा होती, तुम्ही चिवडा खाल्लात. शेतात जागा होती, तुम्ही उपाय घेतलात. सर या घरात जिवंत होते तेव्हा रोज जागा होती, दार उघडं होतं. तुमच्या सोयीची जागा सरांच्या आयुष्यात एकही निघाली नाही, म्हणून आज गैरसोयीच्या जागेवर बोलावं लागतंय.

आणि मंडळी, तुम्ही असं समजू नका की हे एकट्या त्यांचंच आहे. शब्द यांच्या काकांचा होता, गप्प बसणं यांचं होतं, पण हसणं तुमचं होतं. म्हणून तुम्हीही या बदल्यात आहात. तुमच्याकडून मला माफी नको. तुमचे पाय हवे आहेत.

रीत अशी आहे, की शेवटी बोलणाऱ्यानं दोन मिनिटं उभं राहायला सांगायचं. कोणीतरी हळूच घड्याळ बघतं, ॐ शांती म्हणतं आणि मग सगळे चपला शोधायला लागतात. आज तसं करायचं नाही. आज आपण उभे राहू, गप्प राहू आणि घड्याळ बघायचं नाही. हा माईक मी इथं टेबलावर नरेंद्रभाऊंच्या पुढं ठेवते आहे. चालू आहे, मी पाहिलं आहे. ते बोलतील तोवर आपण उभे. कोणी शिवी देऊ नका, कोणी हात लावू नका. त्यांना निघून जायचं असेल तर वाट मोकळी सोडा. तुमच्या मधून, एकेकाच्या तोंडापुढून, चालत जाऊ द्या. फक्त तुम्ही बसू नका आणि बोलू नका. बाजार मोडला तर मोडू द्या. एसटी गेली तर जाऊ द्या.

काकू, तुम्ही बसा, तुमचे गुडघे दुखतात. बाकीचे, उठा.

सर, नमस्कार.

नरेंद्र, बोल.